नोंदीवरचा पहारा: अलिबागपासून सर्व्हरपर्यंत

सर्व्हर बंद पडला की तासाभरात सगळ्यांना कळतं. त्याच्या लॉग फाइल आपल्यापर्यंत यायच्या थांबल्या तर मात्र आठवडे उलटले तरी कळत नाही. डॅशबोर्ड हिरवा असतो, एकही अलर्ट नसतो. बिघाड झाला नाही म्हणून अलर्ट आला नाही, की बिघाडाची खबर आणणारी वाटच तुटली? पडद्यावर दोन्ही सारखंच दिसतं. हे दुखणं संगणकाहून जुनं आहे, आणि त्यावरच्या नमुनेदार उपायांपैकी एक रायगडच्या किनाऱ्यावर, अलिबागला झाला.

मुंबईतली कुलाब्याची वेधशाळा १८२६ मधली. १८४१ पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचे वेध घेतले जाऊ लागले. त्याच दशकात इंग्लंडमध्ये फ्रान्सिस रोनाल्ड्स आणि चार्ल्स ब्रुक यांनी आपोआप नोंद करणारी यंत्रं तयार केली. टांगलेल्या चुंबकाला आरसा जोडायचा, त्यावरून परतणारा प्रकाशाचा ठिपका सावकाश फिरणाऱ्या रुळावरच्या फोटोच्या कागदावर पाडायचा. चुंबक हलला की कागदावरची रेघ हलते. माणसाने समोर बसून राहायची गरज उरली नाही.

या यंत्रांची परीक्षा १८५९ च्या सप्टेंबरात झाली. सूर्यावरच्या स्फोटानंतर प्रचंड भूचुंबकीय वादळ आलं आणि ग्रीनिचसारख्या ठिकाणी प्रकाशाचा ठिपका कागदाच्या बाहेर गेला. रूळ फिरत राहिला, दिवा जळत राहिला, पण सर्वांत महत्त्वाच्या वेळेची नोंद झालीच नाही. कुलाब्याला अजून माणसंच डोळ्यांनी वाचन घेत होती. क्षेत्र खवळलंय हे दिसताच त्यांनी वाचनांमधलं अंतर तासावरून काही मिनिटांवर आणलं. त्यामुळे २ सप्टेंबरची सुमारे १६०० नॅनोटेस्लाची घसरण त्यांच्या वहीत उतरली. २००३ मध्ये शास्त्रज्ञांनी त्या वादळाची ताकद पुन्हा मोजली ती याच आकड्यांवरून.

पुढे कुलाब्यातही फोटोच्या कागदावर नोंद होऊ लागली. विसाव्या शतकाच्या तोंडावर मुंबईच्या ट्राम विजेवर चालवायचं ठरलं, आणि नवा धोका उभा राहिला. ट्रामच्या विजेच्या प्रवाहाचं चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्रात मिसळणार होतं. रेघ उमटत राहिली असती, पण ती पृथ्वीची की ट्रामची हे सांगता आलं नसतं. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस यांनी नव्या वेधशाळेसाठी मुंबईपासून सुमारे ३० किलोमीटरवरचं अलिबाग निवडलं. इमारतीला पोरबंदरचा दगड वापरला, लोखंडाऐवजी तांबं-पितळ वापरलं, म्हणजे भिंतीच वेधात ढवळाढवळ करणार नाहीत.

मूस यांची खरी दूरदृष्टी पुढेच दिसते. अलिबागला नोंद सुरू झाली १९०४ मध्ये, तरी कुलाब्याची नोंद त्यांनी लगेच थांबवली नाही. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी वेध चालू ठेवले, दोन्ही ठिकाणच्या आकड्यांमधला फरक निश्चित केला, मगच जुनी मालिका बंद केली. विजेची ट्राम १९०७ मध्ये धावली, तेव्हा कामाचं हस्तांतर पूर्ण झालेलं होतं. म्हणून १८४० च्या दशकापासूनची कुलाबा-अलिबागची मालिका आजही एकसलग मानली जाते. सतत रेघ काढणाऱ्या यंत्रावर तिथे कधीच आंधळा भरवसा ठेवला नाही. ठरावीक अंतराने दुसऱ्या उपकरणाने स्वतंत्र वेध घ्यायचा आणि त्याच्याशी रेघ ताडून पाहायची, ही शिस्त अजून पाळली जाते. आज ही वेधशाळा भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे. संस्थेचं मुख्यालय रायगडातच, नवीन पनवेलला आहे.

संगणकाच्या जगात हेच काम नव्याने उभं राहिलं. १९८० च्या दशकात बर्कली विद्यापीठात एरिक ऑलमन यांनी सेंडमेल या ईमेल-प्रणालीसाठी सिसलॉग लिहिलं, आणि पुढे युनिक्स यंत्रांवर नोंदी ठेवण्याची तीच रूढ रीत झाली. एका यंत्राची नोंद दुसऱ्या यंत्राकडे पाठवायची सोयही त्यात होती. २००१ च्या आरएफसी ३१६४ या इंटरनेट-दस्तऐवजात ही रीत कागदावर आली. नोंद जायची ती यूडीपीच्या ५१४ क्रमांकाच्या पोर्टवर, पेटीत टाकलेल्या साध्या पोस्टकार्डासारखी. पोचल्याची पावती नाही, हरवल्याची तक्रार नाही.

म्हणून आजचे बिघाडही १८५९ च्या जातीचे असतात. मध्यरात्री लॉग फाइलचं नाव बदलून नवी फाइल उघडली जाते, पण ती वाचून पुढे पाठवणारा प्रोग्रॅम, म्हणजे एजंट, जुनीच धरून बसतो. नव्या फाइलवर वाचनाची परवानगी फक्त रूटला राहते. फायरवॉलचा नियम बदलतो आणि पोर्ट बंद होतं. डिस्क भरते. एका सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर आणि दुसऱ्याचं भारतीय वेळेवर असतं, मग साडेपाच तास मागे पडलेल्या नोंदी आजच्या शोधात सापडत नाहीत. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर-सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत लॉग १८० दिवस ठेवायला आणि घड्याळं एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवायला सांगितलं. पण जे लॉग पोचलेच नाहीत, ते १८० दिवस जपणार कसे?

शोध मुळापासून सुरू करावा. आधी सर्व्हरवरच पाहावं, फाइल वाढतेय का. मग एजंट ज्या खात्यावर चालतो त्या खात्याने ती वाचून पाहावी, आणि एजंटने कोणती फाइल उघडून ठेवलीय ते तपासावं. मग पोर्ट आणि वाट, शेवटी घड्याळ. लॉगर या आज्ञेने एक खुणेची ओळ पाठवावी आणि ती मध्यवर्ती सर्व्हरवर दिसते का ते बघावं. हीच ओळ दर काही मिनिटांनी आपोआप जावी, आणि ती आली नाही की अलर्ट वाजावा. अलिबागच्या स्वतंत्र वेधाचं काम इथे ही ओळ करते.

आणि मॉनिटरिंगची जुनी व्यवस्था बदलायची असेल तर मूस यांनी केलं तेच करावं. दोन्ही काही काळ सोबत चालवाव्यात, फरक मोजावा, तो समजल्यावरच जुनी बंद करावी. त्यांनी यासाठी दोन वर्षं दिली. आपण निदान दोन आठवडे तरी द्यावेत.