लाखोरीची डाळ आणि प्राध्यापकांचे विषय



गेल्या महिन्यात नात सुट्टीला अड्याळला आली होती. एम.एस्सी. झाली, आता पीएच.डी. करायची म्हणते. विषय पेशी आणि रेणूंचं जीवशास्त्र. तिच्याजवळ एका विद्यापीठाची माहितीपुस्तिका होती. तिच्यात प्रत्येक प्राध्यापकाच्या नावापुढे त्यांचा संशोधनाचा विषय दिलेला. कुणाचा पेशींचं विभाजन, कुणाचा प्रथिनांच्या घड्या, तर कुणाचा चेतापेशींचे आपसातले निरोप. "आजोबा, यातलं काय घेऊ?" असं तिनं गमतीनं विचारलं. मी मराठी माध्यमातून बी.ए. झालेला शाळामास्तर, मला त्यातलं काय कळणार! पण यादी वाचता वाचता एक प्रश्न पडला, की हे विषय येतात कुठून? आणि त्यावरून आठवली आपली लाखोरी.

जे वाचक धानाच्या मुलखातले नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आमच्या भंडारा जिल्ह्यात कापणीआधी, बांधीत ओल असतानाच, उभ्या धानात लाखोरीचं बी फेकतात. याला उतेरा म्हणतात. नांगर नको, पाणी नको, खत नको. धान कापून नेलं की खाली हिरवी लाखोरी उभी असते. कोवळ्या शेंड्यांची भाजी होते, दाण्यांची डाळ होते, वडे होतात, पाला-कुटार बैलांना जातं. पाऊस दगा देऊन गेला तरी ही येते. म्हणूनच ती गरिबाची डाळ. हिंदी मुलखात हिला खेसारी किंवा तिवडा म्हणतात.

आणि याच डाळीनं माणसं पांगळी होतात, हेही खरं आहे. कर्नल स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याच्या १८४४ साली निघालेल्या पुस्तकात सागर भागातली हकीकत आहे. गव्हाची पिकं बुडाली, लोकांनी ही डाळ खाऊन दिवस काढले, आणि पुढे धडधाकट तरुणांचे पाय कमरेखाली लुळे पडू लागले. पुढे रीवा भागात तर शेतमजुरांना मजुरी म्हणून हेच धान्य मिळे आणि तेच त्यांचं मुख्य जेवण होई. तिथे विसाव्या शतकातही अशी माणसं काठ्यांवर चालताना दिसत. १९६१ साली केंद्राच्या अन्नभेसळविषयक नियमांत या डाळीच्या विक्रीला मनाई आली, आणि आपल्या राज्यातही बंदी लागू झाली.

आता माझी गोष्ट. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत, म्हणजे १९७४-७५ च्या सुमारास, आहाराचा धडा शिकवताना मी वर्गात ठणकावून सांगितलं, "लाखोरी हे विष आहे. सरकारनं बंदी घातली आहे. जो खाईल तो लंगडा होईल." मधल्या सुट्टीत पाहिलं तर मागच्या बाकावरचा एक मुलगा डबा उघडतच नव्हता. डब्यात लाखोरीचे वडे होते. पोरं त्याला लंगडा लंगडा म्हणून चिडवत होती. त्यानं ते वडे शाळेमागे कुत्र्याला टाकले. दुसऱ्या दिवसापासून तो डबा आणीनासा झाला. मी हे पाहिलं आणि काही बोललो नाही. मजा म्हणजे त्याच आठवड्यात माझ्या घरी तीच डाळ शिजली होती आणि मी ती भाताबरोबर चवीनं खाल्ली होती. आमच्या घरात कुणीच लंगडं नव्हतं. तरी "मग असं का?" हा प्रश्न मला, शिक्षक असून, पडला नाही.

हा प्रश्न ज्यांना पडला ती माणसं प्रयोगशाळेत होती.

त्यांच्याआधी एका बाईंबद्दल सांगायला हवं. कमला सोहोनी, माहेरच्या भागवत, म्हणजे आपल्या दुर्गाबाई भागवतांच्या सख्ख्या बहीण. १९३३ साली मुंबई विद्यापीठात पहिल्या येऊन त्या बंगळूरच्या विज्ञान संस्थेत प्रवेश मागायला गेल्या, तेव्हा संचालक सर सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून नकार दिला. बाई हटल्या नाहीत. शेवटी अटी घालून प्रवेश मिळाला. तिथे त्यांनी अभ्यास केला तो दुधातल्या आणि कडधान्यांतल्या प्रथिनांचा. पुढे केंब्रिजला बटाट्यावर काम करताना त्यांनी दाखवलं, की सायटोक्रोम सी हा पेशीच्या श्वसनातला पदार्थ वनस्पतींच्या पेशींतही असतो. १९३९ साली त्या पीएच.डी. झाल्या. प्रबंध उणापुरा चाळीस पानांचा!

इतकं झाल्यावर मोठमोठे विषय हाताशी असतील. पण मुंबईच्या विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापक झाल्यावर बाईंनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी घेतलेले विषय पाहा: नीरा, कडधान्यांतली प्रथिनं आणि धानाचं पीठ. कच्च्या कडधान्यांत काही प्रथिनं अशी असतात की ती आपल्या पोटातल्या ट्रिप्सिन या पाचक विकराला अडवून धरतात. शिजवल्यावर त्यांचा जोर बराच ओसरतो. या अडवणाऱ्या प्रथिनांवर त्यांच्या प्रयोगशाळेनं १९५० च्या दशकात काम केलं. नीरेच्या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. म्हणजे विषय ताटातून उचललेला आणि काम रेणूपर्यंत नेलेलं.

लाखोरीचं कोडंही असंच सुटलं, आणि तेही त्याच बंगळूरच्या संस्थेत. १९६३-६४ साली राव, आडिगा आणि सरमा या संशोधकांनी लाखोरीच्या बियांतून एक अमिनो आम्ल वेगळं काढलं. नाव लांबलचक आहे, थोडक्यात त्याला ओडॅप म्हणतात. तारखांकडे लक्ष द्या. बंदी १९६१ ची आणि गुन्हेगार सापडला त्यानंतर. रोग खरा होता, त्यामुळे बंदी घालणाऱ्यांना मी दोष देत नाही. पण शिक्षा आधी आणि चौकशी नंतर, असा तो क्रम झाला.

हे ओडॅप करतं काय? नातीनं मला शाळेच्या भाषेत समजावलं. आपल्या चेतापेशी एकमेकींना ग्लुटामेट नावाच्या रसायनातून निरोप देतात. शाळेच्या घंटेसारखं. घंटा वाजली, मुलं उठली, घंटा थांबली. ओडॅपचा रेणू दिसायला ग्लुटामेटसारखा. तो पेशीच्या दारावर जाऊन घंटा वाजवतो आणि वाजवतच राहतो. पेशी दमते आणि शेवटी मरते. यात पायांच्या हालचाली सांभाळणाऱ्या पेशी जातात. म्हणून पाय ताठरतात, पण बुद्धी आणि स्पर्शज्ञान शाबूत राहतं. मेलेली पेशी परत येत नाही, म्हणून हा रोग बरा होत नाही.

मग आम्ही भातासोबत खाणारे कसे वाचलो? उत्तर प्रमाणात आहे. हा रोग होतो तो महिनोन्‌महिने जेवणाचा मोठा भाग लाखोरीच असेल तेव्हा, म्हणजे दुष्काळात किंवा मजुरीत दुसरं काही मिळत नसेल तेव्हा. भात, भाजी आणि सोबत थोडी लाखोरी अशा ताटाची गोष्ट वेगळी. शिवाय ओडॅप पाण्यात विरघळतं. गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकलं तर बरंचसं निघून जातं. तेव्हा विष दाण्यात होतं हे खरं, पण पांगळं केलं ते उपासमारीनं आणि धान्यात मिळणाऱ्या मजुरीनं. नागपूरचे डॉ. शांतीलाल कोठारी याच बंदीविरुद्ध वर्षानुवर्षं लढले, उपोषणं केली.

पुढची गोष्ट तर नातीच्या विषयातलीच. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत लाखोरीच्या पेशी काचेच्या भांड्यात वाढवून, त्यांतून उगवलेल्या रोपांमधून कमी ओडॅपची रोपं निवडली. त्यातून 'रतन' ही जात आली. रायपूरकडून 'प्रतीक' आणि 'महातिवडा' आल्या. २०१६ च्या सुरुवातीला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं या तीन जातींना अनुकूल मत दिलं. बंदीनंतर पंचावन्न वर्षांनी!

तर सांगायचा मुद्दा असा. नातीला मी म्हटलं, "बाई, मला तुझ्या पुस्तिकेतलं कळत नाही. पण ज्या सरांकडे किंवा बाईंकडे जाशील त्यांना एवढं विचार, की हा प्रश्न तुम्हाला कुठे भेटला?" ती म्हणाली, "आणि ते म्हणाले की फक्त कुतूहलातून, तर?" मी म्हटलं, तेही चालेल. ग्लुटामेटच्या निरोपांचा अभ्यास करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे काही आमची बांधी नव्हती. तरी त्यांचं ज्ञान इथवर आलंच. पण ते जोडून घ्यायला कुणीतरी लाखोरीचा दाणा प्रयोगशाळेत नेणारं लागतं.

आणि वर्गात सांगणाराही नीट लागतो. अर्धं ज्ञान ठणकावून सांगितलं की काय होतं, ते मी शाळेमागे पाहिलं आहे.

तो मुलगा आता साठी ओलांडून गेला आहे. गावातच शेती करतो, लाखोरीही पेरतो. रस्त्यात भेटला की "गुरुजी, बरं हाय ना?" म्हणतो. मी तो विषय अजून कधी काढलेला नाही. त्याची नातवंडं हे वाचत असतील तर त्यांनी आजोबांना वाचून दाखवावं. पुढच्या भेटीत मी स्वतःही बोलेन म्हणतो.

असो. आपल्याकडे लाखोरी कशी करतात, भिजवलेलं पाणी टाकत होते का, हे आठवत असेल तर जरूर लिहा.