शरीरांतर्भागाची किळस व भय

त्वचेखालचे जे एरवी झाकलेले असते (रक्त, आतडी, स्नायू, हाड) ते उघडे दिसले किंवा त्याचे नुसते वर्णन कानावर पडले, तरी शिसारी येणे, पोटात ढवळणे, भोवळ येणे किंवा तेथून निघून जावेसे वाटणे. सौम्य प्रमाणात हे पुष्कळांना होते व तो विकार नव्हे. मात्र त्यापायी माणूस रक्ततपासणी, लस, दातांचे उपचार टाळू लागला, तर त्याची गणना विशिष्ट भयगंडात करतात. अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनच्या १९९४ च्या वर्गीकरणात ‘रक्त-सुई-जखम’ असा याचा वेगळा उपप्रकार दिला आहे.

शरीरक्रिया : साप, उंची, अंधार यांच्या भयात नाडी व रक्तदाब वाढतात आणि भीती ओसरेपर्यंत वाढलेलेच राहतात, त्यामुळे माणूस घाबरला तरी सहसा बेशुद्ध पडत नाही. रक्ताच्या भयात ते आधी वाढतात आणि मग एकदम खाली येतात. हृदयाची गती मंदावते, पायांतील रक्तवाहिन्या सैलावतात, मेंदूला रक्त कमी पोचते व माणूस कोसळतो. आडवा झाला की बहुधा लवकरच शुद्धीवर येतो. सुरुवात बहुतेक बालपणी होते. हा प्रकार घराण्यात चालतो. जखमी प्राण्याचा रक्तस्राव कमी व्हावा म्हणून ही सोय उत्क्रांत झाली असावी, हे अनुमान सर्वमान्य नाही.

प्राचीन ग्रंथ : सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात मूर्च्छेचे जे प्रकार सांगितले आहेत, त्यांत ‘रक्तज’ हा एक आहे. पृथ्वी व जल ही महाभूते तमोगुणी, रक्ताचा गंधही त्यांचाच, म्हणून त्या गंधाने माणसे मूर्च्छित होतात, असे कारण तेथे दिले आहे. काहींच्या मते हा रक्त या द्रव्याचा स्वभावच असून नुसते पाहिल्यानेही मूर्च्छा येते, हेही नोंदवले आहे. अंग व दृष्टी ताठरणे आणि श्वास अस्पष्ट होणे ही लक्षणे. उत्तरतंत्र मागाहून जोडले गेले असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. तरी निरीक्षण अचूक आहे. याच संहितेच्या सूत्रस्थानात शल्यवैद्याच्या गुणांत धैर्य व चपळ हात यांच्याबरोबर घाम न फुटणे, हात न कापणे व न गोंधळणे हे गुण येतात. हात बसावा म्हणून छेदनाचा सराव आधी कोहळा, भोपळा, काकडी यांवर करायचा असतो.

नाट्यशास्त्रात बीभत्स रसाचा स्थायिभाव जुगुप्सा (किळस). रक्तादींमुळे होणारा बीभत्स तो क्षोभज व विष्ठा-कृमींमुळे होणारा तो उद्वेगी, असा भेद तेथे केला आहे. हा भेद आजही टिकतो : घाणीने ओकारी येते, पण माणूस सहसा कोसळत नाही.

पाली परंपरेत शरीराच्या बत्तीस घटकांचे चिंतन सांगितले आहे. तेथे किळस हे आसक्ती सोडवण्याचे साधन आहे.

शवविच्छेदन : सुश्रुताची पद्धत चाकूची नाही. धडधाकट, फार वृद्ध नसलेल्या माणसाचे प्रेत मुंज गवतासारख्या वेष्टनात गुंडाळून, पिंजऱ्यात घालून, पाण्यात सात रात्री ठेवायचे आणि मग वाळ्याच्या किंवा बांबूच्या कुंच्याने हळूहळू घासत एकेक थर डोळ्यांनी पाहायचा. पुढे ही परंपरा खंडित झाली. कोलकात्याच्या मेडिकल कॉलेजात १८३६ मध्ये मधुसूदन गुप्त यांनी केलेले विच्छेदन आधुनिक भारतातील पहिले मानले जाते (तारखेबाबत १० जानेवारी व २८ ऑक्टोबर अशी दोन मते, त्या वेळी तोफांची सलामी दिली गेल्याची कथा संशयास्पद). ‘भीतीवर विजय’ म्हणून हा प्रसंग सांगतात, ते तितकेसे बरोबर नाही. खरी अडचण प्रेताच्या विटाळाची होती. आतल्या अवयवांची किळस हा वेगळा प्रश्न, आणि तो आजही प्रथम वर्षाच्या वर्गात दिसतो. उपाशीपोटी आलेला, गुडघे ताठ ठेवून बराच वेळ उभा राहिलेला विद्यार्थी आधी पडतो. फॉर्मलिनचा वास, प्रेताचा चेहरा व हात यांचा त्रास आतड्यांपेक्षा जास्त होतो, असा शारीर शिकवणाऱ्यांचा अनुभव आहे. बहुतेकांची नजर काही आठवड्यांत सरावते.

एडिंबरा येथे वैद्यक शिकताना चार्ल्स डार्विन क्लोरोफॉर्मपूर्व काळातील एका मुलावरील शस्त्रक्रियेतून उठून गेले. संगीतकार बर्लिओझ यांनीही वैद्यक शिकताना पॅरिसच्या विच्छेदनगृहाच्या खिडकीतून बाहेर उडी टाकून पळ काढला.

उपचार : स्वीडनचे लार्स-ग्योरान ओस्ट यांनी १९८० च्या दशकात ‘स्नायुताण’ पद्धत मांडली. हात, पाय व धड यांचे स्नायू दहा-पंधरा सेकंद, चेहरा गरम वाटेपर्यंत, आवळायचे. मग नेहमीइतके सैल सोडायचे. थोडे थांबून पुन्हा आवळायचे. याने रक्तदाब टिकतो. ‘अंग सैल सोडा’ हा नेहमीचा सल्ला येथे उलटा पडू शकतो. सुई टोचायचा हात मात्र सैलच ठेवावा. पूर्वी भोवळ आली असेल, तर रक्त घेणाऱ्याला आधीच सांगावे आणि आडवे होऊन रक्त द्यावे.