खुब्याच्या अस्थिभंगावरील अल्पछेद शस्त्रक्रिया
मांडीच्या हाडाचे मोडलेले वरचे टोक लहान छेदांतून स्थिर करण्याची ही पद्धती होय. वार्धक्यात हाडे ठिसूळ झाल्याने न्हाणीघरात पाय घसरण्याचे निमित्तही पुरते. भंग हाडाच्या मानेखाली असल्यास जागा उघडी न करता पाय ताणून तुकडे जुळवतात; मग सी-आर्म या क्ष-किरण यंत्राच्या पडद्यावर पाहत हाडाच्या पोकळीत धातूची सळी व तिच्यातून खुब्याच्या गोलकात स्क्रू बसवतात. पोकळीत सळी घालण्याचे तंत्र जर्मन शल्यविशारद गेरहार्ड क्युन्चर यांनी १९४० मध्ये मांडले. मानच मोडून सरकली, तर गोलकाचा रक्तपुरवठा तुटण्याची भीती असते. तेथे बहुधा कृत्रिम गोलक बसवतात. ‘या वयात कशाला चिरफाड?’ म्हणून घरचे थांबतात, आणि अंथरुणाला खिळलेल्या वृद्धास न्यूमोनिया, शय्याव्रण व रक्ताच्या गुठळ्या गाठतात. शक्यतो ४८ तासांत शस्त्रक्रिया करून दुसऱ्याच दिवशी रुग्णास उभे करतात.