अल्गॉल ६० : संदर्भ अहवाल
अल्गॉल ६० या आज्ञावली-भाषेची अधिकृत व्याख्या करणारा अहवाल. जानेवारी १९६० मध्ये पॅरिस येथे यूरोप व अमेरिकेतील तेरा प्रतिनिधींच्या बैठकीत तो आकारास आला. संपादक डॅनिश संगणकतज्ञ पीटर नाउर. भाषा कोणत्याही एका यंत्राशी निगडित नसल्याने वाद उद्‌भवल्यास अहवालातील शब्दच निर्णायक ठरे. साहजिकच अहवालातील संदिग्धता ही भाषेचीच संदिग्धता होई. वाक्यरचनेचे नियम जॉन बॅकस यांच्या चिन्हपद्धतीत काटेकोर मांडलेले होते. अर्थ मात्र इंग्रजी गद्यात सांगितला असल्याने कंपायलर रचणाऱ्यांनी काही ठिकाणी त्याचे निरनिराळे अर्थ लावले. एप्रिल १९६२ मध्ये रोम येथे उघड चुका दुरुस्त करण्यात आल्या व १९६३ मध्ये सुधारित अहवाल प्रसिद्ध झाला. तथापि फलनाने मूल्य काढताना इतर चलांत घडविलेले बदल, पुनरावृत्तीच्या विधानाचा नेमका अर्थ इ. पाच वादग्रस्त मुद्दे तसेच ठेवून आंतरराष्ट्रीय माहिती-संस्करण संघाच्या कार्यगटाकडे सोपविण्यात आले. हा गट पुढे अल्गॉल ६८ या नव्या भाषेच्या रचनेत गुंतला. उरलेल्या संदिग्ध स्थळांची चिकित्सक यादी डॉनल्ड क्नूथ यांनी १९६७ मध्ये प्रसिद्ध केली. ‘संशोधित अहवाल’ निघाला तो १९७६ मध्ये. तोवर अल्गॉल ६० च्याच परंपरेतील पॅस्कल भाषा अध्यापनात रुजू लागली होती.