परवाना गलबताचा

१६१३च्या सप्टेंबरात सुरतेजवळ पोर्तुगीजांनी ‘रहीमी’ हे जहाज धरलं. जहाज जहांगीर बादशहाच्या आईचं, मक्केच्या यात्रेकरूंची ने-आण करणारं. गंमत म्हणजे त्याच्याकडे पोर्तुगीजांचाच ‘कार्ताझ’, म्हणजे सागरी परवाना होता. त्यावर जहाजाचं नाव, नाखवा, शस्त्रं, मार्ग असं सगळं नोंदलेलं असे. फी किरकोळ, खरी मेख ही, की त्यांच्या बंदरात थांबून जकात भरावी लागे. पुढे कान्होजी आंग्र्यांनीही कोकणपट्टीवर दस्तकं, म्हणजे असेच परवाने, चालवली. इंग्रजांना ती कधी पचली नाहीत.

विंडोजचं लायसन्स याच गोत्रातलं. रक्ताचं नातं नसेल, पण स्वभाव तोच.

१९७६ साली मायक्रोसॉफ्टच्या बिल गेट्सनं कॉम्प्युटरच्या हौशी मंडळींना उघडं पत्र लिहून आपल्या ‘बेसिक’ या सॉफ्टवेअरच्या फुकट नकलांबद्दल तक्रार केली. तेव्हा तक्रारीपलीकडे हातात फारसं काही नव्हतं. विंडोज ९५च्या खोक्यासोबत दहा आकड्यांची की आली. तपासणी अशी, की शेवटच्या सात आकड्यांच्या बेरजेला सातानं भाग जावा. म्हणजे एकाचं बटण दहा वेळा दाबलं तरी काम फत्ते! विंडोज ९८ला की पंचवीस अक्षरांची झाली. नंतरच्या कीमध्ये शून्य आणि ओ, एक आणि आय, पाच आणि एस या जोड्याच गाळल्या. स्टिकरवरची बारीक अक्षरं वाचताना घोटाळा नको.

खरा बदल २५ ऑक्टोबर २००१चा. विंडोज एक्स्पीनं की घेऊन भागवलं नाही; हार्ड डिस्क, नेटवर्क कार्ड, रॅम वगैरे दहा गोष्टींवरून मशीनचा ठसा काढला आणि तीस दिवसांत कंपनीकडे नोंदवायला लावला. मात्र बड्या ऑफिसांच्या लायसन्सला यातून सूट होती. त्यातलीच एक की बाजारात येण्याआधीच फुटली, आणि गल्लोगल्ली तीच चालली.

आपल्याकडे कायदा त्याआधीच आला होता. १९९४च्या दुरुस्तीनं कॉपीराइट कायद्यात ६३-ब कलम घातलं: जाणूनबुजून चोरटं सॉफ्टवेअर वापरलं तर किमान सात दिवस कैद, दंड पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत. व्यापारासाठी वापरलं नसेल तर कैद टाळायची मुभा कोर्टाला आहे. सुरतेत एम्ब्रॉयडरीची डिझाइनं काढणाऱ्यानं त्या मुभेवर विसंबू नये. त्याचा कॉम्प्युटर धंद्यासाठीच चालतो.

दुकानात विचारायचं ते एवढंच: ओईएम की रिटेल? ओईएम स्वस्त, पण मदरबोर्डाशी बांधलेलं. गिऱ्हाइकानं नवं मशीन घेतलं की ते सोबत येत नाही. रिटेल महाग, पण जुन्या मशीनवरून काढून नव्यावर नेता येतं. नेटवर चारपाचशेला मिळणारी की आज अॅक्टिव्हेट होतेही, आणि उद्या कंपनीनं ती बाद केली की विकणारा फोन उचलत नाही. पक्कं बिल घ्या, आणि सेटिंग्जमध्ये ‘अॅक्टिव्हेटेड’ दिसल्याशिवाय दुकानातून हलू नका.