घोड्याचं बिल कोणी भरलं?

कोपनहेगन पायी पाहायचं असेल तर सुरुवात अमालियनबोर्गच्या चौकातून करावी. चार बाजूंना चार एकसारखे राजवाडे आणि मधोमध ब्रॉन्झच्या घोड्यावर बसलेला राजा पाचवा फ्रेडरिक. बहुतेक लोक पहारेकऱ्यांच्या केसाळ टोप्यांचे फोटो काढून पुढे जातात. तुम्ही घोड्यापाशी थांबा, त्याला एक प्रदक्षिणा घाला. जाक साली हा फ्रेंच शिल्पकार त्यासाठी १७५३ साली या शहरात आला आणि पुतळ्याचं अनावरण व्हायला १७७१ साल उजाडलं. राजा तोवर वारला होता. काम लांबत गेलं तसा खर्च फुगत गेला. चारही राजवाड्यांपेक्षा एकटा घोडा महाग पडला, असं इथले लोक सांगतात. तो खर्च राजाच्या तिजोरीतून झाला नाही. तो केला एशियाटिक कंपनीने, म्हणजे हिंदुस्थान आणि चीनशी व्यापार करणाऱ्या डॅनिश कंपनीने.

का केला, हे कळायला भोवतालच्या वाड्यांकडे बघावं लागतं. मुळात ही सरदारांची घरं. १७४९ मध्ये राजाने इथे नवी वस्ती आखली आणि चार बड्या घराण्यांना जागा दिल्या. त्यांतलं एक घर ॲडम गॉटलॉब मोल्टकेचं. मोल्टके राजाचा सगळ्यात जवळचा माणूस, आणि एशियाटिक कंपनीचा अध्यक्षही तोच. व्यापाराची सनद राजाच्या हातात होती, नफा भागधारकांच्या. घोडा हा त्या दोघांमधला व्यवहार होता, असं मी मानतो. राजघराणं इथे राहायला आलं ते १७९४ मध्ये, स्वतःचा क्रिस्टियानबोर्ग राजवाडा जळाल्यावर.

माझी मुलगी या शहरात नोकरी करते, म्हणून माझं इथे येणं होतं. ‘बाबा, बोटीने फिरा, तासाभरात सगळं दिसतं,’ असं ती म्हणते. पण मी पुण्यातल्या छापखान्याच्या घरात वाढलो. वडिलांच्या ट्रेडलजवळ उभा राहून खिळे जुळवायला शिकलो. मिशनरी विल्यम कॅरीचं मराठी व्याकरण १८०५ साली सेरामपूरला छापलं गेलं, हे मला शाळकरी वयापासून तोंडपाठ होतं. पण हुगळीकाठच्या त्या गावावर तेव्हा इंग्रजांचा नव्हे तर डेन्मार्कच्या राजाचा झेंडा होता, आणि त्या झेंड्यावाचून तो छापखाना तिथे उभा राहिलाच नसता, हे खूप उशिरा उमगलं. तेव्हापासून या शहरात मी एका धाग्यानेच चालतो. देखणं काही दिसलं की याचे पैसे कुठून आले, ते विचारायचं.

चौकातून बंदराच्या बाजूला उतरलात की डावीकडे टोल्डबोडगाडे लागते. तिथे पाण्याला लागून वेस्ट इंडियन गोदाम आहे, १७८० च्या सुमाराचं. आज आत पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतिकृती आहेत, बाहेर मायकलअँजेलोच्या डेव्हिडची ब्रॉन्झ प्रतिकृती उभी आहे. या गोदामात कॅरिबियन बेटांवरची साखर यायची. ती साखर पिकवायला डॅनिश जहाजांनी आफ्रिकेतून एक लाखाहून जास्त माणसं गुलाम म्हणून नेली. गुलामांचा व्यापार बंद करायचा हुकूम १७९२ चा, अंमल १८०३ पासून. बेटांवरच्या गुलामांना स्वातंत्र्य मिळालं १८४८ मध्ये. आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माणसांच्या बदल्यात जो माल दिला जायचा, त्यात हिंदुस्थानातलं सुती कापडही असायचं. आपल्याकडच्या विणकराच्या मागावरचं कापड या हिशेबात कुठे बसत होतं ते इथे कळतं, आणि मला ते दर वेळी जड जातं. २०१८ मध्ये इथे ‘क्वीन मेरी’चा पुतळा उभारला गेला. त्याच बेटांपैकी सेंट क्रॉयवरच्या १८७८ च्या मजूर उठावाची ती एक पुढारी.

मागे फिरून न्यूहाव्हनला या. रंगीत घरांचा हा कालवा कॅलेंडरवर पाहिलेला असतो, त्यामुळे इथे फार वेळ घालवू नका. तो १६७० च्या दशकाच्या सुरुवातीला खोदला गेला, खोदणाऱ्यांत स्वीडिश युद्धकैदी होते. परीकथा लिहिणारा हान्स अँडरसन यातल्या तीन घरांत वेगवेगळ्या काळी राहिला. कालव्याच्या टोकाला पायी आणि सायकलने जाणाऱ्यांसाठी पूल आहे. पलीकडे क्रिस्टियानहाव्हन.

पूल उतरून उजवीकडे स्ट्रँडगाडे धरा आणि चाल संथ करा. राजा चौथ्या क्रिस्टियानने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला ही वस्ती डच पद्धतीने, कालवे काढून वसवली. त्याला कोपनहेगनचं ॲमस्टरडॅम करायचं होतं. डच आणि इंग्रज मिऱ्यांवर श्रीमंत होताना दिसत होते, तेव्हा त्यानेही १६१६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनी काढली. १६१८ मध्ये जहाजं निघाली. प्रमुख होता ओव्ह गेड्डे, वय अवघं चोविशीचं. जायचं होतं सिलोनला. तिथे काही जमलं नाही, पण नोव्हेंबर १६२० मध्ये तंजावरच्या रघुनाथ नायकाशी करार झाला. तरंगंबाडी हे कोळ्यांचं गाव दरसालच्या खंडावर मिळालं. डॅनिश जिभेवर त्याचं त्रांकेबार झालं आणि समुद्राला लागून डान्सबोर्ग किल्ला उठला. नायकाने राजाला सोन्याच्या पत्र्यावर लिहिलेलं तमिळ पत्र पाठवलं. ते आजही डेन्मार्कच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे.

यापुढची गोष्ट मला सगळ्यात विलक्षण वाटते. राजा युरोपातल्या युद्धांत बुडाला, कंपनी डबघाईला आली, आणि १६३९ नंतर तब्बल तीस वर्षं डेन्मार्कहून त्रांकेबारला एकही जहाज गेलं नाही. किल्ल्यातले डॅनिश एकेक करून मेले किंवा निघून गेले. शेवटी एस्किल्ड कोंग्सबाके नावाचा साधा माणूस उरला. त्याने स्थानिकांना हाताशी धरून, बंगालच्या उपसागरातली जहाजं पकडून किल्ला तगवला. १६६९ मध्ये जहाज आलं तेव्हा झेंडा जागेवर होता. पुढे काही वर्षांतच व्यंकोजीराजांनी तंजावर घेतलं, आणि त्रांकेबारचा खंड भोसल्यांच्या दरबारात जमा होऊ लागला. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ आणि त्यांचे वारस हे डेन्मार्कच्या राजाचे जमीनमालक झाले. आपल्या पाठ्यपुस्तकांत याला एक ओळसुद्धा नसावी, याची मला खंत वाटते.

स्ट्रँडगाडेच्या दुसऱ्या टोकाकडे, २५ नंबरला, एशियाटिक कंपनीची कचेरी आहे. ही कंपनी १७३२ ची, जुन्या दोन कंपन्या बुडाल्यावर निघालेली. रस्त्यावर दोन जुळ्या इमारती आणि मधे फाटक. एक कचेरी, फिलिप डी लांगेने बांधलेली. तिची जोड नंतरची. आतल्या अंगाला धक्क्यावर निकोलाय आइग्ट्वेडने १७५० च्या सुमाराला बांधलेलं मोठं गोदाम. इथे मुख्यतः चीनचा चहा उतरायचा आणि त्यातला बराचसा चोरवाटेने इंग्लंडला जायचा, कारण तिथे चहावर भारी कर होता. जागेचं नाव अजून एशियाटिस्क प्लाड्सच आहे आणि आवारात डेन्मार्कचं परराष्ट्र मंत्रालय. फाटकापर्यंत जाता येतं. विल्हेल्म हामरशॉय हा चित्रकार आधी समोरच्या ३० नंबरला आणि आयुष्याच्या अखेरीस याच २५ नंबरात राहिला. या दोन इमारतींचं त्याने करड्या रंगात चित्र काढलं आहे. रस्ता रिकामा, खिडक्या बंद, माणूस एकही नाही. कंपनीचा व्यवहार आटोपून साठ वर्षं झाली होती तेव्हाचं हे चित्र. इथल्या इतिहासावरची पुस्तकं मी चाळली आहेत, पण कंपनी संपणं म्हणजे काय ते या चित्रात जास्त दिसतं.

दोन गल्ल्या आत व्होर फ्रेल्सर्स चर्च आहे. बाहेरून वळत वर जाणाऱ्या जिन्याचा मनोरा पाहायला सगळे येतात. पायऱ्या ४००, शेवटच्या १५० उघड्यावर. जिना उलटा वळला म्हणून वास्तुविशारदाने वरून उडी घेतली, ही दंतकथा खोटी आहे. लॉरिड्स डी थुरा मनोरा पुरा झाल्यावर सात वर्षांनी वारला. चढायच्या आधी देवळात जा आणि मागे वळून ऑर्गनकडे बघा. भिंतभर उंचीचा तो कोरीव लाकडी डोलारा दोन हत्तींच्या पाठीवर पेललेला आहे. हत्ती हे डॅनिश राजाच्या सर्वोच्च सन्मानाचं चिन्ह, कंपनीच्या आधीचं. तरी पूर्वेला जाणाऱ्या जहाजांवरचे खलाशी याच वस्तीत राहत. डोक्यावर हत्ती घेऊन प्रार्थना करताना त्यांच्या बायकांच्या मनात काय येत असेल, याचा विचार करत मी तिथल्या बाकावर बसतो.

आता टोर्वेगाडेने क्निपेल्सब्रो ओलांडा. पूल संपला की डाव्या हाताला बोर्सेन, चौथ्या क्रिस्टियानचा जुना व्यापारबाजार. चार मगरमुखी ड्रॅगन शेपट्या एकमेकींत पिळून उभे आहेत असं त्याचं शिखर होतं, ५६ मीटर उंच. १७२८ आणि १७९५ च्या मोठ्या आगी शहर खाऊन गेल्या, हा बाजार वाचला. १६ एप्रिल २०२४ च्या सकाळी डागडुजी चालू असताना तो पेटला आणि शिखर रस्त्यावर कोसळलं. येणाऱ्याजाणाऱ्यांनी, शिपायांनी, आतल्या कर्मचाऱ्यांनी खांद्यावरून चित्रं बाहेर काढली. चित्रकार क्रॉयरचं १८९५ चं व्यापाऱ्यांचं भलंमोठं चित्रसुद्धा त्यांनी वाचवलं. इमारत पुन्हा होती तशी बांधायचं ठरलं आणि कामही सुरू झालं.

या आगीपाशी मला सेरामपूरची आग सांगावीशी वाटते. सेरामपूर डॅनिशांनी १७५५ मध्ये वसवलं; त्याला पाचव्या फ्रेडरिकचं नाव दिलं, घोड्यावरच्या त्याच राजाचं: फ्रेडरिक्सनगर. इंग्रज कंपनीला आपल्या मुलखात मिशनरी नको होते. म्हणून जानेवारी १८०० मध्ये कॅरी सेरामपूरला आला आणि डॅनिश गव्हर्नर ओले बी याने त्याला व त्याच्या साथीदारांना आसरा दिला. तिथे पंचानन कर्मकार या बंगाली कारागिराने देवनागरीचे पंच, म्हणजे अक्षरांचे पोलादी ठसे, कापले. कॅरीच्या मदतीला पंडित वैजनाथ शर्मा होते. १८०५ चं व्याकरण देवनागरीत निघालं, १८१० चा मराठी–इंग्रजी कोश मोडीत. मोडीचा खिळा जुळवणं म्हणजे काय, ते जुळाऱ्यालाच विचारावं. बोरूने आधी आडवी रेघ ओढून त्याखाली न थांबता लिहायची ही लिपी. तिचं एकेक अक्षर सुटं ओतायचं आणि पुन्हा असं जोडायचं की रेघ तुटू नये. खिळ्याला खिळा केसभर जरी कमी लागला तरी ओळीत भेग दिसते.

११ मार्च १८१२ च्या संध्याकाळी हा छापखाना जळाला. कागद गेला, हस्तलिखितं गेली, अनेक भाषांचे खिळे वितळून गेले. पण ढिगाऱ्यात पोलादी पंच आणि मॅट्रिक्स, म्हणजे खिळे ओतायचे साचे, शाबूत सापडले. त्याच वितळलेल्या शिशातून नवे खिळे ओतून काही आठवड्यांत छपाई पुन्हा सुरू झाली. तोवर सेरामपूर इंग्रजांनी व्यापलं होतं, कारण १८०७ मध्ये त्यांनी हेच कोपनहेगन तोफांनी भाजून डॅनिश आरमार पळवलं आणि डेन्मार्क नेपोलियनच्या बाजूला गेलं. म्हणजे व्याकरण डॅनिश झेंड्याखाली छापलं गेलं आणि कोश इंग्रजी ताब्यात. पण मिशनरी म्हणून इंग्रज कंपनीला मुलखात नकोसा असलेला कॅरी आता कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात इंग्रज अधिकाऱ्यांना मराठी शिकवत होता. त्याच्या छापखान्याला हात लावायचं कारण उरलं नव्हतं.

तंजावरकडूनही एक वाट मराठी छपाईकडे जाते. त्रांकेबारच्या डॅनिश मिशनमध्ये १७५० मध्ये आलेला श्वार्ट्झ हा जर्मन पाद्री पुढे तंजावरच्या सरफोजीराजांचा गुरू झाला. सरफोजींनी तंजावरात देवनागरी छापखाना काढला आणि इसापनीतीचं मराठी रूप ‘बालबोध मुक्तावली’ तिथून निघालं.

१८०७ नंतर डॅनिश व्यापार सावरला नाही. १८१३ मध्ये सरकारचं दिवाळं निघालं, एशियाटिक कंपनी १८४० च्या दशकात गुंडाळली गेली आणि १८४५ मध्ये त्रांकेबार व सेरामपूर मिळून साडेबारा लाख रुपयांना इंग्रजांना विकली गेली. कागद मात्र इकडेच राहिले. डॅनिश संग्रहांत तंजावरचे मोडी कागदही आहेत. एलिझाबेथ स्ट्रँडबर्ग या विदुषीने त्यांचा अभ्यास करून १९८३ मध्ये त्यांवर पुस्तक प्रसिद्ध केलं. महाराष्ट्रात मोडीचे वर्ग चालतात, मुलं आवडीने शिकतात. त्यांतल्या एखाद्याने डॅनिशही शिकून इथे यावं, स्ट्रँडबर्गबाईंचं पुस्तक हाताशी ठेवून मूळ कागद मागवावेत, आणि तंजावरकरांनी डॅनिश गव्हर्नरांना काय काय लिहिलं होतं ते आपल्याला मराठीत सांगावं.