आपली टीम कोणती?

घोटीचा पाऊस भाताचा. आवणीच्या दिवसांत इथे चेंडू टाकला तर तो चिखलात रुतून बसायचा. आम्हा पोरांचा खेळ क्रिकेट, तोही पाऊस उघडल्यावर. मोठा सामना असला की आम्हा मुसलमान पोरांना हमखास विचारले जाई, "तुमची टीम कोणती?" विचारणारा उत्तर आधीच ठरवून आलेला असे. हा प्रश्न फुटबॉलमध्ये कसा विचारला गेला, ते पाहावेसे वाटले.

घोटीवरून रेल्वे मुंबईला जाते. तिथली रोव्हर्स चषक स्पर्धा १८९१ची. १९३७पर्यंत एकाही भारतीय संघाला ती जिंकता आली नव्हती. त्या साली ती जिंकली बेंगलोर मुस्लिम्सने. १९३८ला पुन्हा त्यांनीच. १९४०च्या अंतिम सामन्यात त्यांना हरवले कलकत्त्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगने. हा क्लब १९३४ ते १९३८ सलग पाच वर्षे कलकत्ता लीगचा विजेता होता, आणि १९४०मध्येच गोऱ्या पलटणीला नमवून ड्युरँड जिंकणारा पहिला भारतीय संघ ठरला. बाकीचे देशी खेळाडू बहुधा अनवाणी खेळत, तेव्हा या संघाने ओल्या मैदानावर बूट चढवले. चिखल काय करतो, हे घोटीकरांना सांगायला नको! पण दिवस फाळणीपूर्व राजकारणाचे. साहेबाला हरवणारी ही टीम सगळ्यांची व्हायला हवी होती. ती मुसलमानांचीच मानली गेली. त्यात आपल्या लोकांचाही हात होता, हे कबूल केले पाहिजे.

आपल्या महाराष्ट्रात याला दुसरे उत्तर आहे, ते कोल्हापुरात. तिथे फुटबॉल वाढला कुस्तीच्या तालमींतून. तालीम शब्द मूळचा अरबी, अर्थ शिक्षण; 'दिलबहार' हे नाव फारसी. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल: ज्या पेठेत घर, तिची तालीम आपली. कोल्हापूरच्या अनेक तालमींत मोहरमचे पंजे बसतात आणि गणपतीही. शाहू स्टेडियमवर बाप आणि मुलगा एकाच तालमीसाठी घसा कोरडा करतात. सगळे गोडीगुलाबीचे आहे असे नाही. समर्थकांत दगडफेक झाली आहे, सामने थांबवावे लागले आहेत. पण ते भांडण पेठेचे.

वर्ल्ड कप आला की याच पेठांत ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे लागतात, पैजा लागतात, पराभवानंतर पोरे रडतात. परक्या देशाचा झेंडा कशाला, असे त्यांना विचारायचे कोणाला सुचत नाही.